दिवाळीआधीची गोणी

विज्ञानात योगायोगाला जागा नसते, असं टिपणीस मॅडमनी प्रयोगशाळेच्या दारावर लिहून लावलं होतं. आत मात्र कोळंबीच्या टरफलांपासून केलेली, रक्त थांबवणारी पट्टी एकदाच जमली होती, दिवाळीच्या आधी. लागोपाठ तीन खेपा सारख्या निघाल्याशिवाय पट्टी विकायची परवानगी मिळणार नव्हती. नंतरच्या बावीस खेपांत एकही तशी निघाली नाही.

नेहमी एकाच होडीची टरफलं निवडून पुरवणारी भागाबाई मधल्या काळात वारली. आता भर दुपारी टरफलं धुण्याच्या टाकीपाशी मॅडमना तिच्या बांगड्या ऐकू येत. शेवटी त्या तिच्या लेकीकडे गेल्या.

“दिवाळीआधीच्या गोणीला आईनं काय वेगळं केलं होतं गं?”

“रागावू नका मॅडम. आई तापानं पडलेली. मीच सोलायच्या शेडमधलं झाडून भरलं.”

त्या शेडमध्ये रोज दीडशे होड्यांची कोळंबी येते.