तीन खात्यांची कुलुपं

तिन्ही कुलुपं जागेवर होती, साखळी जागेवर होती. तलावातलं पाणी तेवढं पुन्हा खाली गेलं होतं.

"तुम्हीच नेलंत," खालच्या गावच्या इंजिनीअरबाई म्हणाल्या.

"कसं नेलं? फुंकर मारून?" शहरचे साहेब भडकले. "तीन किल्ल्या लागतात, बाई. माझ्याकडे एकच आहे."

तेही खरंच. पुढच्या टंचाईसाठी दोन गावं आणि शहर, अशा तिघांच्या पाणीखात्यांनी भागीदारीत हा तलाव राखून ठेवला होता. कुणाचा कुणावर काडीचा विश्वास नाही, म्हणून व्हॉल्व्हच्या चाकाला साखळी आणि साखळीच्या दोन टोकांमध्ये तीन कुलुपं, एकात एक अडकवलेली. तिघं जमल्याशिवाय थेंब सुटायचा नाही, असं ठरलेलं. तरी पाणी उतरतच होतं आणि दर बैठकीत हे दोघं एकमेकांच्या उरावर बसत होते. मध्ये पडायचे ते वरच्या गावचे काका. "अहो, ऊन केवढं तापतंय! वाफ होते हो पाण्याची," म्हणत चहा मागवायचे.

आज बाईंच्या गावातल्या दवाखान्याच्या टाक्या कोरड्या पडल्या होत्या. ऑपरेशनं थांबली होती. पाणी सोडायला तिघांनीही फोनवर होकार दिला होता, पण काकांचा पत्ता नव्हता. "निघालोच," असं ते मघापासून सांगत होते.

"माझ्यामुळे अडायला नको," साहेब पुटपुटले. "नाहीतर उद्या माझ्याच नावानं बोंब माराल." वाकून त्यांनी आपलं, मधलं कुलूप उघडलं.

साखळी खळ्ळकन खाली पडली.

दोघंही बघतच राहिले. बाईंनी साखळी उचलून पाहिली. एका टोकाला त्यांचं कुलूप लोंबत होतं, दुसऱ्या टोकाला काकांचं. दोन्ही बंद. म्हणजे कुठलीही एक किल्ली पुरे होती!

"तुम्हाला ठाऊक होतं," बाई म्हणाल्या.

"आईशप्पथ नाही! आणि तुम्हाला?"

बाईंना रडूच कोसळलं. तिकडे पेशंट खोळंबलेले, आणि सकाळपासून किल्ली त्यांच्याच पर्समध्ये. त्यांनी दोन्ही हातांनी चाक फिरवायला घेतलं. साहेबही पुढे झाले.

काका आले तेव्हा पाइप भरून वाहत होता.

"वा, सुटलं का पाणी? छान झालं!" घाम पुसत ते म्हणाले.

"काका, तुमचं कुलूप अजून बंदच आहे," बाई म्हणाल्या.

"असू दे की, त्याला काय होतंय," काका म्हणाले. आणि मग त्यांचा रुमाल कपाळावरच थांबला.