कांतीची नवी बोटं

इंजिनाच्या क्रँकशाफ्टची झीज मोजायला मायक्रोमीटर लावायची मेकॅनिक कांती चोगलेला आता गरज नव्हती. भाजलेल्या हाताला डॉक्टरांनी प्रयोगशाळेत वाढवलेली बोटं बसवली होती. पट्टी सुटून दोनच दिवस झाले होते, पण केसाच्या शंभराव्या भागाएवढी झीजही तिला नुसत्या स्पर्शाने कळत होती.

हर्णैच्या बंदरात तिने होडीचं इंजिन खोललं आणि चारही कनेक्टिंग रॉडांच्या बेअरिंगांवरून अंगठा फिरवला.

"तिसरं झिजलंय. नवं द्या."

नवं बेअरिंग देताना तिच्या नवऱ्याचं, धर्माचं, मनगट तिच्या हाती लागलं. तिने ते सोडलंच नाही.

"अगं, लोक बघतायत," धर्मा लाजला.

"बघू देत. तुमची नाडी मध्येच एक ठोका गाळतेय."

"वय झालं माझं."

"इंजिन राहू दे. आधी दापोलीला चला."

दापोलीच्या डॉक्टरांना हृदयाची झडप बिघडलेली सापडली. ऑपरेशन वेळेवर झालं. महिन्याभराने धर्मा घरी आला, तेव्हा कांतीने पुन्हा त्याचं मनगट धरलं. ठोके एका लयीत पडत होते.

बराच वेळ गेला.

"तपासून झालं ना?" त्याने विचारलं.

"ते केव्हाच झालं," कांती म्हणाली आणि तशीच बसून राहिली.