पडण्याचा नियम

शुक्रवारी दुपारी दोनला पाच मिनिटं कमी असताना अकरा नंबरच्या खोलीतली घंटा वाजली. सिरिल हॅडफील्ड पडले होते.

लिंडसी धावत गेली. इंग्लंडमधल्या मोरकमच्या त्या वृद्धाश्रमात ती सहा वर्षं म्हाताऱ्यांची सेवा करत होती. पडलेली माणसं तिने पुष्कळ पाहिली होती, पण असं पडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. हॅडफील्ड सतरंजीवर उताणे, हात पोटावर. डोक्याखाली उशी. चष्मा डबीत, डबी टेबलावर. सपाता जोडीने भिंतीशी.

"कुठे लागलंय का?"

"नाही."

"पडलात कसे?"

"सावकाश."

लिंडसी गुडघ्यांवर बसली. या माणसाचं आणि तिचं गेल्या सहा महिन्यांत फारसं पटलं नव्हतं. तिचा नवरा क्वाबेना घानात, टाकोराडीला. त्याला इकडे आणायचा तर कायद्याने तिची कमाई वर्षाला एकोणतीस हजार पौंड हवी. सहा महिन्यांच्या पगाराची सरासरी काढून सरकार ते ठरवतं. जादा तास घेऊन घेऊन तिने पाच महिने निभावले होते. चार वर्षांच्या लेकीला बाप फोनपुरताच माहीत. फोन बंद पडला की ती म्हणायची, "आई, बाबांना चार्जिंगला लाव."

बैठकीच्या खोलीत चहाच्या वेळी बातम्यांत हीच चर्चा असायची. कमाईची मर्यादा वाढवावी, कमी करावी की काढूनच टाकावी. हॅडफील्डनी एकतीस वर्षं गावच्या सामन्यांत पंचगिरी केली होती आणि दिलेला निर्णय एकदाही फिरवला नव्हता.

"रेषा म्हणजे रेषा," ते म्हणायचे. "पाय बोटभर पुढे गेला तरी नोबॉल. पोरगी गुणाची आहे, पण गुणांवर नोबॉल माफ होत नाही."

सात नंबरच्या विनी पोलॉक, शाळेतल्या जुन्या स्वयंपाकीणबाई, कपातून तोंडही न काढता म्हणायच्या, "सिरिल, आमच्या वेळी तुझी ही रेषा असती ना, तर मी अजून कुमारिकाच असते."

"देशाचं फार नुकसान झालं नसतं."

मग दोघं दोन दिवस एकमेकांशी बोलायची नाहीत.

सोमवारी व्यवस्थापिका बर्चॉलबाईंनी चहाच्या वेळीच सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की वरून हुकूम आलाय, आजपासून जादा तास बंद. लिंडसीने भीतभीत विचारलं, "शुक्रवारी महिना संपतोय. मला आठच तास कमी पडतायत. काहीच नाही का करता येणार?" हा महिना हुकला, की सरासरी खाली आणि सगळं गणित पहिल्यापासून.

"माझ्या हातात नाही गं," बर्चॉलबाई म्हणाल्या. "आता कुणी पडलं तरच."

कुणी हसलं नाही. संध्याकाळी सहाला पाळी संपणारा डॅरेन तेवढा कुरकुरला. जादा तासांवर त्याच्या गाडीचे हप्ते चालत होते. आता तोही कुणी पडायची वाट पाहणार, असं लिंडसीला वाटून गेलं होतं.

"तुमचं मत बदललं की काय?" तिने आता सतरंजीवरच्या माणसाला विचारलं.

"मत? अजिबात नाही. रेषा बरोबरच आहे." हॅडफील्ड छताकडे बघत होते. "पण पंचाला अख्खं पुस्तक पाठ लागतं. दाराच्या आतल्या बाजूला कागद लावलाय बघ. मोठ्याने वाच."

लिंडसीने वाचलं. "राहणारी व्यक्ती पडल्यास, इजा असो वा नसो, ज्या कर्मचाऱ्याने प्रथम पाहिलं त्याने पुढचे चार तास शेजारी बसावं. पाळी संपल्यानंतरचे तास जादा धरले जातील."

बाहेर घड्याळात दोन वाजले. तिची पाळी संपली.

"बस आता," हॅडफील्ड म्हणाले. "आणि मला उठव आधी. गार लागतंय खालून."

ती बसली. आईला फोन करून सांगितलं, की लेकीला जेवू घाल, मला उशीर होईल. बर्चॉलबाई आल्या, त्यांनी उशी पाहिली, सपाता पाहिल्या आणि नोंदवहीत सही केली.

"सहाला चार तास होतील," साडेपाचच्या सुमाराला लिंडसी हळूच म्हणाली. "आणखी चार राहिलेच."

"त्याचं मला विचारू नकोस. एका दिवशी दोनदा पडलेला पंच बरा दिसत नाही."

सहाला पाच मिनिटं कमी असताना सात नंबरची घंटा वाजली.

हॅडफील्डनी डोळेही उघडले नाहीत. "नक्कलच करणार. स्वतःचं असं त्या बाईला कधी सुचलेलंच नाही." मग एक डोळा उघडला. "बसलीस काय? माझी पाच मिनिटं तुला माफ. ज्याने प्रथम पाहिलं त्याचे तास."

लिंडसी दारातून बाहेर पडली आणि थबकली. सात नंबर बोळाच्या पार टोकाला होता. डॅरेन त्या दारापासून तीन पावलांवर होता.

तो बुटाची नाडी बांधायला खाली वाकला होता. बांधत होता, सोडत होता, पुन्हा बांधत होता.

त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या.