हिरवा दिवा

फाटकाने सुनेत्रा डिंगणकरला आत सोडलं नाही. रडार संशोधन केंद्रात तिची अकरा वर्षं गेली होती. पण आता फाटकावरचं यंत्र रोज सकाळी प्रत्येकाचं कर्ज तपासायचं. ते पगाराच्या मानाने जास्त झालं, की माणूस फितूर होऊ शकतो असं ठरवून लाल दिवा लावायचं.

“काय झालं, मॅडम?” पहारेकरी बोरसेंनी विचारलं.

“आईचं ऑपरेशन. कालच कर्ज काढलं.”

ती बसथांब्यावर पोचली तोच फोन वाजला. आवाज अनोळखी होता, पण अदबशीर.

“मॅडम, तुमचं कर्ज आम्ही आत्ताच फेडलंय. परत जा, फाटक उघडेल. कधीतरी एखादी माहिती विचारू, तेवढी द्या.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“फाटक ज्यांना अडवतं, त्यांची यादी येते आमच्याकडे.”

सुनेत्रा धावतच परतली. यंत्राने हिरवा दिवा लावला.

“बोरसे, मला सुरक्षा अधिकाऱ्यांना भेटायचंय. आत्ताच!”

“जा की, आतच आहेत,” बोरसे हसत म्हणाले. “गेल्या महिन्यात त्यांनाही यंत्राने असंच अडवलं होतं. अर्ध्या तासात सोडलं.”