भाऊबीजेचं मागणं

कुमुदने भावाला ओवाळलं, पण ताम्हण काही खाली ठेवलं नाही. दिगंबररावांनी पाकीट पुढे केलं, तर तिने मान हलवली.

"पैसे नकोत, दादा. ओवाळणी म्हणून ते औषध घाल."

"कुठलं?"

"कॅन्सरचं. कंपन्यांनी शोधून दडवून ठेवलंय ते. आमच्या ग्रुपवर रोज येतं. तू उभी हयात औषधाच्या कंपनीत काढलीस, तुझ्याकडे असणारच. मी कुणाला सांगायची नाही, शपथ!"

दिगंबररावांना हसू फुटलं. कंपनीत त्यांचं काम एवढंच, की खोकल्याच्या बाटल्यांवरची लेबलं सरळ चिकटली आहेत का ते बघायचं. पण तिच्या डोक्याला गच्च बांधलेल्या रुमालाकडे लक्ष गेलं आणि हसू मावळलं. परवाच तिच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. ताम्हण धरून ती उभीच होती, बसायला तयार नव्हती.

"अगं वेडे, असं औषध खरंच असतं," ते शेवटी म्हणाले, "तर तुझी वहिनी याच दुखण्याने माझ्या डोळ्यांदेखत गेली असती का?"

आता तरी हिला पटेल, असं त्यांना वाटलं. यापेक्षा मोठा पुरावा कुठून आणायचा?

बाहेर आपल्या सुनेला ऐकू जाऊ नये म्हणून कुमुदने आवाज खाली आणला. ती रागावलेली नव्हती. उलट समजूत घातल्यासारखं, मायेने म्हणाली,

"तुमचं दोघांचं कधी पटलं नाही, ते मला ठाऊक आहे रे. त्यावरून मी तुला कधी बोलले का? पण मी तुझी सख्खी बहीण ना, दादा?"