दोन थेंब तेल

डेंगीच्या डासांवर लक्ष ठेवायला आरोग्य विभागाने आमच्या गॅलरीत एक डबा बसवला होता. तो मादी डासासारखा गुणगुणायचा, नर डास फसून आत यायचे आणि दर पंधरा दिवसांनी विभागाची सुप्रिया येऊन ते मोजायची. पण बाबांनी महाळुंग्याच्या कंपनीत पंचवीस वर्षं नुसत्या आवाजावरून मशीनचं दुखणं ओळखलं होतं. डबा गुणगुणायला लागला की ते त्याच्या जाळीत तेल सोडायचे. डबा मुका, आत एकही डास नाही.

"काका, परत तेल?" नवा स्पीकर बसवताना सुप्रिया वैतागायची.

"बेअरिंग रडत होती, पोरी. ऐकवेना."

"बेअरिंग नाही हो, डासीण आहे ती!"

"मग डासिणीची बेअरिंग गेली असंल."

बाबांना जाऊन आज चौदा दिवस झाले. सुप्रियाला ठाऊक नव्हतं. डबा छान गुणगुणत होता आणि आत त्रेचाळीस डास होते.

"एकदाचं पटलं म्हणायचं काकांना! कुठे आहेत? शाबासकी देते."

"बाहेर गेलेत," मी म्हणाले.

ती गेल्यावर गॅलरीत तो आवाज ऐकत थोडा वेळ उभी राहिले. मग खिडकीतली बाबांची तेलाची बुधली उचलली आणि जाळीत दोन थेंब सोडले.



पुढच्या खेपेला सुप्रिया चिडेल, तेव्हा बाबांचंच नाव सांगणार आहे.