गुलाबी झाकण
आमच्या साहेबांच्या कमरेचा हातोडा म्हणजे निव्वळ दागिना. मुठीवरचं दुकानातलं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही. पुलाचा खांब ज्या खडकावर उभा राहणार, तो त्यांनी लांबूनच पाहिला आणि वर्णन ठोकून दिलं, “गुलाबी ग्रॅनाइट. मोठे स्फटिक. कठीण, अखंड. लिहा.” “फोडून बघूया, साहेब?” मी विचारलं. “मी खडक नजरेनं ओळखतो, बाई.” नजर कसली डोंबलाची! मी त्यांच्याच कमरेचा हातोडा ओढला आणि खडकावर हाणला. खणखणीत नाही, बद्द आवाज आला. गुलाबी कवच फुटलं. आत खडकाची पांढरी माती झालेली, बोटांत चुरडली की पीठ. ते मी साहेबांच्या तळहातावर ओतलं. त्यांनी हात झटकले, फुटका तुकडा खड्ड्यावर झाकणासारखा परत बसवला आणि म्हणाले, “अहवालाला फोटो असाच काढा.” मी कॅमेरा त्यांच्या गळ्यात अडकवला आणि ते झाकण चेचलं.